पहिला लोखंडी नट आमच्या गॅलरीतून गेला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात यंदाच्या फुटबॉल हंगामाची बातमी आली. तिच्यात एका तालमीच्या प्रेक्षकांना 'हुल्लडबाजांची गॅलरी' म्हटलं आहे आणि या लोकांना यंदा स्टेडियमची पायरीच चढू देऊ नये, अशी मागणी होत असल्याचंही लिहिलं आहे. मी त्या तालमीचा नाही. त्यांच्या विरुद्ध ओरडून ओरडून गेली ४५ वर्षं माझा घसा बसत आला आहे. तरीही हे पत्र त्यांच्या बाजूने आहे. ज्या सामन्यामुळे त्यांच्यावर हा शिक्का बसला त्या सामन्याला मी हजर होतो आणि दंग्याची सुरुवात कुठून झाली ते मी हातभर अंतरावरून पाहिलं. सुरुवात आमच्या गॅलरीतून झाली.

दोन्ही तालमींची नावं मी घालणार नाही. आमच्या कोल्हापुरात नाव दिसलं की माणूस आधी पेठ बघतो आणि मग पुढचं वाचायचं की नाही ते ठरवतो. हे पत्र दोन्ही पेठांत शेवटपर्यंत वाचलं जावं, अशी माझी इच्छा आहे.

मी टर्नर. शिवाजी उद्यमनगरात ३६ वर्षं लेथ चालवला आणि आता घरी आहे. चारची मॅच असली की दुपारचा डबा मशीनजवळच उभ्या उभ्या खायचा, राहिलेला जॉब आधी संपवायचा आणि मालकाला सांगून सायकल शाहू स्टेडियमकडे मारायची, असं निम्मं आयुष्य गेलं. अंगाला कुलंटचा, म्हणजे मशीन गार ठेवायच्या तेल-पाण्याचा, वास तसाच असायचा. गॅलरीत आजूबाजूला बसलेल्यांच्या अंगालाही तोच वास, त्यामुळे कुणाला काही वाटायचं नाही.

आपला पेपर कोल्हापूरच्या बाहेरही वाचला जातो म्हणून थोडं सांगतो. आमच्याकडचे फुटबॉल संघ म्हणजे मुळात तालमी. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, संध्यामठ ही नावं कानावर पडली की बाहेरच्या माणसाला कुस्तीचा आखाडा आठवतो, आणि ते बरोबरच आहे. शाहू महाराजांनी या गावाला कुस्तीचं वेड लावलं, १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं. त्या तालमींच्या पोरांनी पुढे संस्थानच्याच काळात पायात बॉल घेतला. पण तालमीचा माणूस तालमीचाच राहिला. गणपती तिथला, शिवजयंती तिथली, लग्नाच्या मांडवाला बांबू तिथले, मयताला खांदा द्यायला माणसं तिथली. फुटबॉलचा संघ त्यातलाच एक. त्यामुळे आमच्याकडे संघ हरला म्हणजे पेठ हरते. यात गोडी आहे तशी आगही आहे, आणि दोन्ही मला जवळून माहीत आहेत.

माझी थोरली बहीण त्या विरुद्ध तालमीच्या पेठेत दिलेली आहे. लग्न ठरलं तेव्हा तालमीतल्या मंडळींनी आमच्या वडिलांना खरोखर विचारलं होतं, "दुसरी पेठ मिळाली न्हाई काय?" दाजींनी आणि मी आयुष्यात एकाही सामन्यावर एकमेकांशी सरळ बोलणं केलं नाही. ते वारले तेव्हा त्यांच्या तालमीची पोरं आणि आमच्या तालमीची पोरं एकाच तिरडीला खांदा देत पंचगंगेवर गेली. त्यानंतरच्या रविवारी पुन्हा एकमेकांच्या आईबहिणीवरून शिव्या सुरू झाल्या. असं आहे आमचं.

आता त्या सामन्याचं सांगतो.

गेल्या हंगामातली गोष्ट, उन्हं चढायला लागली होती. गॅलरी तिन्ही बाजूंनी भरलेली. आमची हलगी एका टोकाला, त्यांची समोरच्या टोकाला. ते एका गोलने पुढे होते. दुसऱ्या हाफमध्ये वीसेक मिनिटं राहिली असताना आमचा फॉरवर्ड त्यांच्या डीमध्ये पडला. पंचांनी पेनल्टी दिली नाही. तीन ओळी वर बसलेल्या मला तरी ती पेनल्टी वाटली नव्हती, पोरगा स्वतःच पाय अडकून पडला होता. पण आमच्याकडे उठून जो गोंधळ सुरू झाला त्यात हे बोलायची सोय नव्हती. समोरून त्यांनी हात वर करून टाळ्या वाजवायला आणि रुमाल हलवायला सुरुवात केली. डिवचलं, यात शंका नाही. त्या जागी आम्ही असतो तर आम्हीही हेच केलं असतं.

माझ्या पुढच्या ओळीत आमच्याच गल्लीतला एक पोरगा उभा होता. १९ वर्षांचा. त्याने पॅन्टच्या खिशात हात घातला आणि बाहेर काढला तेव्हा मुठीत दोन नट होते. दगड नव्हते. एम-२० चे नट, ज्याला तीस नंबरचा पाना लागतो. एकेक नट साठ-पासष्ट ग्रॅमचा भरतो. त्याने एक फेकला. दुसरा घाईत सुटला, पायरीवर आपटला आणि घरंगळत माझ्या चपलेला लागून थांबला.

मी तो उचलला. हाताला सवय असते, नट हातात आला की अंगठा आपोआप आट्यांवरून फिरतो. आटे ताजे पाडलेले होते, पण कडेची धार घासलेली नव्हती. म्हणजे रिजेक्टच्या डब्यातला माल. मैदानात पडलेली वस्तू रागाच्या भरात उचलली आणि भिरकावली, असं ते नव्हतं. सकाळी कुठल्यातरी वर्कशॉपमधून निघताना ते नट खिशात आले होते. सामना सुरू व्हायच्या कितीतरी आधी, पेनल्टीचा प्रश्नच आला नव्हता तेव्हा.

फेकलेला नट समोरच्या गॅलरीच्या खालच्या पायऱ्यांवर एका शाळकरी पोराच्या भुवईच्या वर लागला. सहा टाके पडले. डोळा वाचला तो बोटभर अंतराने.

त्यानंतर समोरून दगड आले, हेही खरं आहे. पाण्याच्या बाटल्या आल्या, विटेचे तुकडे आले. ते लोक हात बांधून बसले होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्यातही असे पाच-पन्नास आहेतच, जसे आमच्यात आहेत. पोलिसांनी काठी उचलली, सामना थांबला, लोक भिंतीवरून उड्या टाकून पळाले आणि रात्री दोन्ही पेठांच्या मधल्या रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटरसायकली फुटल्या. त्यातली एक एका दूध घालणाऱ्या माणसाची होती, ज्याने जन्मात फुटबॉल बघितला नसेल.

दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरात पहिल्या पानावर चार कॉलमी बातमी आली. शीर्षकात फक्त त्यांच्या तालमीचं नाव होतं. खाली, 'फुटबॉलला गालबोट'. आमचं नाव बातमीच्या शेवटून दुसऱ्या ओळीत, तेही 'प्रतिस्पर्धी संघ' म्हणून. नट हा शब्द कुठेच नव्हता. पोराच्या भुवईचा उल्लेख 'दगडफेकीत एक जण जखमी' असा होता, आणि दगडफेक कुणी केली तर त्यांनी केली. म्हणजे वाचणाऱ्याने असं समजायचं की त्यांचा पोरगा त्यांच्याच दगडाने फुटला.

आपल्या बातमीदाराने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. तो बिचारा गर्दीत कुठेतरी खाली उभा असणार, त्याला दगड उडताना दिसले ते समोरून. आणि त्या तालमीचं नाव आधीपासून खराब. काही वर्षांमागे त्यांच्या काही जणांनी खरोखर दंगा केला होता. त्यामुळे यावेळी कुणी विचारलंच नाही. पोलिसांनी विचारलं नाही, पेपरने विचारलं नाही, चहाच्या गाड्यावर उभ्या असलेल्या माणसाने विचारलं नाही. एकदा नाव पडलं की पुढची प्रत्येक गोष्ट त्याच खात्यावर टाकतात.

आमच्या तालमीत त्या रात्री बैठक झाली. तिच्यात एकच ठराव झाला, की तोंड उघडायचं नाही. ज्या पोराने फेकलं त्याला दोन दिवस गावाकडे पाठवलं. आणि आपल्या बातमीचं कात्रण तालमीच्या फळ्यावर डकवलं. त्यांचं नाव पेपरात आलं याचा आम्हाला आनंद झाला होता, संपादकसाहेब, हे मी लपवणार नाही. मीही त्या फळ्यासमोर उभा राहून ते वाचलं. खिशात तो दुसरा नट होता.

माझा भाचा, म्हणजे याच बहिणीचा धाकटा मुलगा, त्या दिवशी समोरच्या गॅलरीत होता. आयटीआय झालेला फिटर. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्याचं अप्रेंटिस म्हणून जवळजवळ ठरलेलं होतं. जखमी पोरगा त्याच्या दोन पायऱ्या खाली होता. भाच्याने स्वतःचा शर्ट काढून त्याच्या कपाळाला दाबला, त्याला उचललं आणि गेटकडे पळत सुटला. तिथून रिक्षाने सीपीआर या सरकारी दवाखान्यात नेलं. कुणीतरी मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत तो दिसतो तो एवढाच: उघडा, हाताला रक्त, गेटमधून धावत बाहेर पडताना. त्या व्हिडिओवरून गुन्ह्यात नाव आलं. बेकायदा जमाव, दंगल, आणि सोबत 'इतर अनोळखी ४० ते ५० जण'. कंपनीने चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला. दाखल्यावर गुन्हा प्रलंबित असल्याचा शेरा आला. जागा गेली. सात महिने झाले, पोरगा एका गॅरेजवर रोजावर काम करतो.

जखमी पोराच्या आईवडिलांनी जबाब द्यायची तयारी दाखवली होती. त्यांना सांगण्यात आलं की चार्जशीटच्या वेळी बघू.

मी सात महिने गप्प बसलो. त्याचं कारण म्हणजे फेकणाऱ्या पोराचा बाप आणि मी एकाच चाळीत वाढलो. त्याला एकच मुलगा. उद्या माझ्या एका शब्दाने तो पोरगा आत गेला तर त्याच्या आईला मी तोंड कसं दाखवू, असं वाटायचं. आणि तालीम. या वयात तालीम तुटली तर संध्याकाळी जायचं कुठे? ही माझी कारणं होती. ती सांगितली एवढंच, ती पुरेशी होती असं माझं म्हणणं नाही.

भाऊबीजेला बहिणीकडे गेलो. भाचा घरी नव्हता, गॅरेजला सुट्टी नव्हती. ओवाळून झाल्यावर बहीण तबक खाली ठेवता ठेवता सहज म्हणाली, "तू त्या दिवशी समोरच्या गॅलरीत हुतास हे त्याला कळलंय. मी त्याला म्हटलो, मामानं काय बघितलं असतं तर मामा गप बसला नसता."

तिने एवढंच म्हटलं आणि फराळाचं ताट आणायला आत गेली. मला चिवड्याचा घास गिळेना.

संपादकसाहेब, माझ्या नातवाच्या अंगात कायम लिव्हरपूलचा लाल शर्ट असतो, पाठीवर सालाहचं नाव. आमच्या गल्लीत असे दहा शर्ट सापडतील. वर्ल्डकप आला की ब्राझील आणि अर्जेंटिनाचे कटआउट लावण्यावरून आमच्याकडे चौकाचौकात चढाओढ लागते, हे आपण छापताच. पण ज्या क्लबचा शर्ट ही पोरं घालतात त्या क्लबच्या प्रेक्षकांवर काय वेळ आली होती, हे त्यांना कुणी सांगत नाही. मी नातवाला सांगितलं. इथेही सांगतो, कारण त्या गोष्टीत एक वर्तमानपत्र आहे.

१९८५ साली, २९ मे रोजी ब्रसेल्सच्या हायझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूलचे प्रेक्षक इटलीच्या युव्हेंटस क्लबच्या प्रेक्षकांच्या अंगावर धावून गेले. चेंगराचेंगरीत भिंत कोसळली, ३९ माणसं मेली, त्यात बहुतेक इटालियन. पुढे १४ जणांना शिक्षा झाली. इंग्लंडच्या क्लबांना पाच वर्षं युरोपात बंदी आणि लिव्हरपूलला त्याहून एक वर्ष जास्त. हे त्यांचं पाप होतं आणि ते कुणी नाकारत नाही.

चार वर्षांनी, १५ एप्रिल १९८९ ला, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध एफए कपचा उपांत्य सामना होता. बाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी एक मोठं गेट उघडलं, पण आतल्या लोकांना आधीच भरलेल्या पिंजऱ्यांकडे जाण्यापासून अडवलं नाही. पुढच्या जाळीला चिरडून लिव्हरपूलची माणसं मेली. तो आकडा आज ९७ आहे, शेवटचा माणूस ३२ वर्षं अपंगावस्थेत काढून २०२१ साली गेला. आणि दुर्घटनेनंतर चारच दिवसांनी 'द सन' या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर 'सत्य' अशा अर्थाचं शीर्षक देऊन छापलं की लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी मेलेल्यांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली, श्वास देणाऱ्या शिपायाला मारलं. यातलं काहीही खरं नव्हतं. पण देशाने विश्वास ठेवला. का ठेवला? कारण हायझेल होऊन गेलं होतं. 'ते लोक तसलेच' हे आधीच ठरलेलं होतं.

खरं काय ते पूर्णपणे कागदावर यायला २३ वर्षं लागली. २०१२ साली स्वतंत्र समितीचा अहवाल आला. २०१६ साली ज्युरीने सांगितलं की या माणसांचा बेकायदा जीव गेला आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात काही दोष नव्हता. तोपर्यंत किती आया वारल्या असतील, ज्यांच्या मुलाला मरतानाही दारुडा दंगेखोर म्हटलं गेलं होतं? लिव्हरपूल शहरात आजही तो पेपर कितीतरी दुकानदार ठेवत नाहीत.

यात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट एव्हर्टनची आहे. एव्हर्टन म्हणजे लिव्हरपूलची दुसरी पेठ म्हणा. मधे एक बाग, अलीकडे यांचं मैदान, पलीकडे २०२५ पर्यंत त्यांचं. दुर्घटनेनंतर आठवड्याने दोन्ही क्लबांच्या लोकांनी आपापले निळे आणि लाल मफलर एकमेकांना गाठी मारून त्या बागेतून या मैदानापासून त्या मैदानापर्यंत नेले, जवळजवळ मैलभर. आणि २०१२ च्या अहवालानंतर एव्हर्टनने आपल्याच मैदानावर, आपल्याच सामन्याआधी दोन लहान मुलांना हात धरून उभं केलं. एकाच्या अंगात एव्हर्टनचा निळा शर्ट, दुसऱ्याच्या अंगात लिव्हरपूलचा लाल. एकाच्या पाठीवर ९, दुसऱ्याच्या पाठीवर ६. तेव्हा मृतांचा आकडा ९६ होता. शेजाऱ्याचं नाव साफ झालं याची नोंद शेजाऱ्याच्या वैऱ्याने घेतली.

इतक्या लांब कशाला जायचं? कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात दंगल होऊन १६ प्रेक्षक मेले. तीच दोन्हीकडची माणसं ऑगस्ट २०२४ मध्ये, आरजी कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीला न्याय मिळावा म्हणून सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र उभी राहिली. त्यांचा त्या दिवशीचा ड्युरंड कपचा सामना बंदोबस्ताचं कारण देऊन रद्द केला होता. तिथल्याच मोहमेडन या तिसऱ्या क्लबचे लोकही आले होते. वैर त्यांनी सोडलेलं नाही. पुढच्या सामन्याला पुन्हा घसे फोडलेच असतील.

मला आमचं वैर जायला नको आहे. ते गेलं तर चार वाजता स्टेडियमला जायचं कशाला? मला एवढंच हवं आहे की ज्याने केलं त्याचं नाव घ्यावं, अख्ख्या गॅलरीचं घेऊ नये. इंग्लंडमध्ये १९८९ च्या कायद्याखाली आज न्यायालय एकेका माणसाला नावानिशी तीन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंत सामन्यांना बंदी घालतं, देशाचा सामना परदेशात असला तर त्याला पासपोर्टसुद्धा जमा करावा लागतो. आमच्याकडे उलट. नाव कुणाचंच नाही, शिक्षा सगळ्यांना. संघाला दंड, सामना प्रेक्षकांविना, हंगाम बंद. त्यात भरडतो तो कोण? सकाळी साडेपाचला गांधी मैदानावर पळणारा सोळा वर्षांचा पोरगा, ज्याला कुणीतरी बघावं आणि पुण्या-गोव्याच्या क्लबने उचलावं अशी आशा असते. अनिकेत जाधव याच कोल्हापुरातून गेला आणि २०१७ साली भारताकडून सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये खेळला. त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेल्या कोल्हापुराने त्याची पेठ विचारली नव्हती.

लेथवर पाचशेच्या लॉटमध्ये दहा जॉब मापाबाहेर निघाले तर आम्ही लॉट भंगारात काढत नाही. कोणतं मशीन, कोणती शिफ्ट, टूल कधी बदललं होतं, ते शोधतो. त्याला वेळ लागतो, डोळ्याला गेज लावून बसावं लागतं. प्रेक्षकांच्या बाबतीत तेवढी मेहनत कुणी घेत नाही. गेटवर खिसे तपासणं इतकं साधं काम धड होत असतं तर ते दोन नट आत आलेच नसते. गॅलरीवर कॅमेरा लावून तो पायऱ्यांकडे वळवला असता तर माझ्या या पत्राची गरज पडली नसती, आणि भाच्याच्या हातात शर्ट होता की दगड तेही दिसलं असतं.

एक विनंती आमच्या तालमीच्या पोरांनाही आहे, कारण हे पत्र छापून आलं तर तेही फळ्यावर लागेल किंवा फाडलं तरी जाईल. समोरच्या गॅलरीत बसलेली माणसं कोण आहेत ते एकदा नीट बघा. तुमच्या आत्या, मावश्या त्या पेठेत दिलेल्या आहेत. तुम्ही ज्या वर्कशॉपमध्ये आठ तास उभे राहता तिथे शेजारच्या मशीनवर त्यांचाच पोरगा असतो. सोमवारी तुमच्या बोटात लोखंडाचा बारीक कीस घुसला तर चिमट्याने काढणारा तोच. ओरडा, हलगी फोडा, हरल्यावर रडा. त्यांना इतकं चिडवा की त्यांना रात्री झोप येऊ नये. पण खिशात काही घेऊन जाऊ नका.

गेल्या मंगळवारी मी पोलिसांत जाऊन लेखी जबाब दिला. मी काय पाहिलं, कुठे बसलो होतो, किती अंतरावरून पाहिलं, सगळं. दुसरा नट जमा केला आणि त्याची पोच घेतली. फेकणाऱ्या पोराचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही, ते जिथे द्यायचं तिथे दिलं आहे. जाण्याआधी आदल्या रात्री त्याच्या बापाला जाऊन सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पोरानं मला घरात केव्हाच सांगितलंय. तू येशील म्हणून वाट बघत हुतो." पोरगा आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही. त्याला मी आजही वाईट म्हणणार नाही. १९ वर्षांच्या पोराला आम्ही मोठ्यांनी जे शिकवलं तेच त्याने केलं.

तालमीत सध्या माझ्याशी कोणी बोलत नाही. होईल हळूहळू, किंवा होणार नाही.

आपल्याकडे माझं मागणं एकच आहे. गेल्या हंगामातली ती बातमी आपण पुन्हा काढून बघावी, जखमी मुलाच्या घरी बातमीदार पाठवावा, माझा जबाब पडताळून बघावा. त्या घरचे लोक अजूनही बोलायला तयार आहेत, मी परवाच त्यांना भेटून आलो. माझं म्हणणं खरं निघालं तर तसं छापावं. मूळ बातमी पहिल्या पानावर होती, चार कॉलमी, घडीच्या वरच्या बाजूला. खुलासा पाचव्या पानावर खाली, नाटकांच्या जाहिरातीशेजारी टाकू नये. माझ्या बहिणीच्या घरी आपलाच पेपर येतो आणि तिला चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नाही.

आपला,
उद्यमनगरातला एक निवृत्त टर्नर,
कोल्हापूर